आधी सण, मग बाकीचं

हर्षल, तू गेलास त्याला पंधरवडा होऊन गेला आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलोच आहे. रडून झालं माझं. ते पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून उरकलं. त्यानंतर उरलाय तो निव्वळ संताप, आणि तो ऐकून घ्यायला तू जागेवर नाहीस. हेही तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. भांडण रंगात आलं की तू असाच उठून चहा टाकायला जायचास.

ऑफिसात तुझ्यासाठी छोटा कार्यक्रम झाला. आपले साहेब, म्हणजे डोनल, उभे राहिले आणि म्हणाले, ही वॉज अ जेंटलमन. मी खाली मान घालून सँडविच खाल्लं. नवीन आलेल्या पोरीच्या कोडवर भर मीटिंगमध्ये "हे कोणी लिहिलं, मांजराने?" असं विचारणारा तू. माझा साखरपुडा मोडला तेव्हा "बरं झालं, पोरगी हुशार निघाली" असं माझ्या तोंडावर म्हणणारा तू. माणूस मेला की लोक त्याला धुऊन, इस्त्री करून घडी घालून ठेवतात. मला तुझं तसं करायचं नाही. तू दुष्ट होतास, आणि मला तू फार आवडायचास. दोन्ही लिहिणार आहे.

आपण काय काम करायचो, हे मला पुण्याला आईला अजून समजावता आलेलं नाही. अमेरिकेतल्या फुटबॉलच्या लीगचं टाइमटेबल, असं सांगितलं की ती विचारते, मग तू तिकडे आयर्लंडात, कॉर्कमध्ये काय करतोस? हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांना आडवं पाडायचा. त्यांच्याकडची यंत्रं हजारो टाइमटेबलं काढायची, आणि ती इथे बसून तपासायची, त्यातली कुठली जगण्यालायक आहेत ते सांगायचं, हे आपल्या छोट्या कंपनीचं काम. तुला त्या खेळाची काडीचीही आवड नव्हती. डोनल हर्लिंगवाला, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाचा वेडा, तो म्हणायचा, तो खेळ नाहीच, त्या जाहिराती आहेत, मध्येमध्ये पोरं धावतात. पण बत्तीस संघांना सतरा-अठरा आठवड्यांत असं बसवायचं की कोणी कोर्टात जाणार नाही, ह्यात तुला मजा यायची. खेळापेक्षा तुला लोकांची गैरसोय जास्त आवडायची, असं मी तुला एकदा म्हणालो होतो. तू म्हणालास, "बरोबर बोलून राहिला बे."

२०१४ साली मी इथे शिकायला आलो आणि शिक्षण संपल्यावर तुझ्यासमोर इंटरव्ह्यूला बसलो. तू एकच प्रश्न विचारलास. टाइमटेबल करताना आधी काय बसवायचं? मी काहीतरी पुस्तकी बोलायला लागलो. तू मला थांबवून म्हणालास, "सण. आधी सण बसव, मग बाकीचं." नोव्हेंबरातल्या त्यांच्या त्या मोठ्या सणाच्या गुरुवारी दोन ठरलेल्या शहरांचे संघ घरच्याच मैदानावर खेळणार, का ते कोणी विचारायचं नाही. मी म्हणालो, म्हणजे आमचे मानाचे गणपती. तू हसलास आणि मला घेतलंस. नंतर ख्रिसमस, नंतर मैदानांवर आधीच ठरलेले गाण्यांचे कार्यक्रम, आणि मग उरलेल्या भोकांत उरलेले सामने ठोकायचे. शेवटी जानेवारीतल्या बाद फेऱ्या, तिथे तर नुसत्या तारखा आणि रिकाम्या जागा, कोण येणार ते माहीतच नाही. त्या रिकाम्या जागांकडे बघून तू म्हणायचास, हे एवढंच काम देवाचं, बाकी आपलं.

कुठल्या संघाला लागोपाठ तीनदा बाहेरगावी पाठवलं, कुणाला रविवारी खेळवून परत गुरुवारी मैदानात उतरवलं, अशा प्रत्येक गैरसोयीला आपण आकडा द्यायचो. कोडमध्ये त्या आकड्याला तूच नाव दिलं होतंस: त्रास. सगळं ऑफिस तेच म्हणायचं. डोनल पाठीमागे येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "हाऊ मच ट्रास इज इन दॅट वन, हर्षल?" आणि तू भुवया उडवून म्हणायचास, "ग्रँड. ओन्ली वन टीम इज क्राइंग."

आपलं भांडण त्या एका टीमवरून. मी म्हणायचो, त्रास सगळ्यांत थोडा थोडा वाटून दे. तुला ते ऐकवायचंच नाही. तू दर वर्षी एक बकरा निवडायचास आणि सगळं त्याच्या गळ्यात घालायचास. ख्रिसमसलाही तो घराबाहेर, लांबचा प्रवासही त्यालाच, कमी विश्रांतीही त्यालाच. "वाटला तर सगळे रडतील ना बे. एकाला दे. तो एकटा बोंबलेल, बाकीचे म्हणतील शेड्यूल मस्त आहे." मी म्हणायचो, हा न्याय नाही. तू म्हणायचास, "न्याय कोणी मागितला? शांतता पाहिजे लोकांना." तुझं काही चुकायचं असंही नाही. तुझ्या टाइमटेबलांवर तक्रारी कमी यायच्या. म्हणून मला जास्त राग यायचा.

ह्या जानेवारीत, कामाचा रेटा सुरू होताना, तू मला डग्लस भागातल्या त्या कॅफेत नेलंस, स्कोन मागवलास, त्याला लोणी लावलंस आणि म्हणालास, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय, ऑपरेशन होत नाही. मला वाटलं, हाही तुझा एखादा घाणेरडा विनोद. मग तू स्कोन खाल्लाच नाहीस. मी विचारलं, बायकोला कधी सांगितलंस, रेवतीला? तू म्हणालास, "नाही सांगितलं. नाही सांगणार. तुला सांगून राहिलो."

मला का, तेही तू सांगितलंस. मी विचारलं नव्हतं तरी. "तुझ्या घरी कोणी नाही ना. तोंड लपवावं लागणार नाही तुला कोणापासून." असं बोलतात का माणसाशी, हर्षल? साखरपुडा मोडल्यावर तूच महिनाभर रोज संध्याकाळी रेवतीने दिलेला डबा घेऊन माझ्या दारात यायचास, एक शब्द न बोलता माझ्यासमोर बसून टीव्ही बघायचास. त्याच तू माझ्या रिकाम्या घराची सोय करून घेतलीस. मी म्हणालो, म्हणजे ह्या वर्षीचा बकरा मी. तू लोणी पुसलेल्या रुमालाची घडी करत म्हणालास, "हो." लाज नाही, संकोच नाही. शपथही घातलीस, माझ्या आईची. स्वतःच्या आईची घालायची सोय नव्हती, कारण ज्यांच्यापासून लपवायचं त्यांत तीही होती.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी केमो घ्यायला सांगितली. बरा होणार नाहीस, पण काही महिने जास्त मिळतील, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी तिथेच खुर्चीवर होतो. तू विचारलंस, केस जातात का? त्या म्हणाल्या, विरळ होतील, थकवा येईल, इथे वरचेवर यावं लागेल. तू त्यांना थँक्यू म्हणालास आणि नको म्हणालास. बाहेर आल्यावर मी तुला भिंतीशी धरून उभं केलं. तू म्हणालास, रेवतीच्या लक्षात येईल. मी म्हणालो, येऊ दे ना गाढवा. तू म्हणालास, "मग ती रोज माझ्याकडे बघत राहील. मला नाही पाहिजे."

मी विचारलं, मग सांगणार कधी? आणि तू गाडीत बसून, अगदी आपण ऑफिसात बसतो तसा, टाइमटेबल लावायला घेतलंस. आधी सण. एप्रिलात पाडवा, त्या दिवशी वाईट बातमी नको. मग किलार्नीला रेवतीचा नागरिकत्वाचा समारंभ, कित्येक वर्षं वाट बघितलीय तिने, तिथे नको. मे महिन्यात लग्नाचा वाढदिवस. जूनमध्ये तुझी आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी येणार, पहिल्यांदाच परदेशात, तिची सहल नासवायची नाही. मधल्या आठवड्यांना पण तुझ्याकडे कारणं होती. तिच्या कामावर ऑडिट आहे, आई यायची तयारी आहे. मी म्हणालो, अरे सगळे सणच लावून ठेवलेस, खरं बोलायला एकही आठवडा रिकामा ठेवला नाहीस. तू म्हणालास, आई परत गेली की सांगू. मी म्हणालो, आई परत जाईल तेव्हा तू नसशील. तू खिडकीबाहेर बघत होतास. "मग प्रश्नच मिटला."

हजारो टाइमटेबलांतून खोट काढणारा तू. हे असलं दुसऱ्या कोणी तुझ्यासमोर ठेवलं असतं, तर फाडून त्याच्या तोंडावर मारलं असतंस.

आणि मी निमूट तुझ्याबरोबर फिरलो. तपासण्या, दुखण्याची औषधं. घरी आपण सांगायचो, ॲथलोनच्या क्लायंटकडे जातोय. ॲथलोनला आपला कोणी क्लायंट नव्हता, मी ते गाव अजून पाहिलेलं नाही. रेवती दोघांसाठी डबा भरून द्यायची, लांबचा प्रवास म्हणून पराठे. ते आपण हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये खायचो. म्हणजे मी खायचो, तू माझ्याकडे बघत बसायचास आणि रिकामा डबा परत जायला हवा म्हणून तुझाही वाटा मला संपवायला लावायचास. वजन माझं वाढलं, तुझं उतरलं. लोकांना तू कीटो सांगायचास. पाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात एकाने तुझ्याकडून डाएट लिहून घेतलं. तूही मोठ्या हौसेने सांगितलंस, भात बंद, बटाटा बंद, तूप चालेल. तो तुझ्या अंत्यसंस्काराला आला होता. चांगला बारीक झालाय.

किलार्नीला रेवतीने हिरवी नारायणपेठ नेसली होती. तू फोटो काढत होतास आणि कळ आली की माझा दंड धरत होतास. समारंभ संपल्यावर ती धावत आली आणि म्हणाली, "निखिल, ह्याचा हात का थरथरतोय?" मी म्हणालो, इमोशनल झालाय. ती हसली, तुझ्या गालावर चापट मारली. त्या क्षणी मला तुझा इतका तिरस्कार वाटला, हर्षल, की मी पाणी आणायच्या निमित्ताने तिथून निघून गेलो. तू मात्र खूश होतास. परत येताना गाडीत म्हणालास, "पाहिलंस किती खूश होती? वसूल."

तुझी आई आली. विमानतळावर तिने तुला बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "काहून रे, खातपीत नाही काय?" तू कीटो म्हणालास. तिला कीटो काय कळणार. पण त्या माउलीने लगेच विश्वास ठेवला, कारण तू तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हतास. इतक्या वर्षांची कमाई तू त्या एका उन्हाळ्यात उडवलीस. तिला कोबला नेऊन समुद्र दाखवलास, आइस्क्रीम खाऊ घातलंस, तिचे फोटो काढलेस. ती सुखात होती, हे मी कबूल करतो. मीही होतो तिथे. मलाही दोनतीनदा वाटून गेलं की हा हरामखोर बहुतेक जिंकणार.

मग ऑगस्टमधल्या त्या सकाळी तू ऑफिसच्या किचनमध्ये, कप घ्यायला कपाट उघडलंस आणि तसाच खाली कोसळलास. अँब्युलन्स आली. मी रेवतीला फोन केला, ती आईंना घेऊन आली. तोपर्यंत तू बोलण्यापलीकडे गेला होतास. कॉरिडॉरमध्ये एका नर्सने रेवतीच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाली, जानेवारीपासून बिचारा हाच मित्र त्याच्याबरोबर येतोय, त्याच्यासारखा माणूस मिळायला भाग्य लागतं. हॉस्पिटलच्या कागदांवर जवळचा माणूस म्हणून तू माझंच नाव दिलं होतंस ना. रेवतीने माझ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "जानेवारीपासून?"

त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. रिंगास्किडीजवळच्या बेटावरच्या त्या दहनगृहात तुला नेलं, तिथे रांगेने माणसं येऊन तिचा हात हातात घेत होती, सॉरी फॉर युअर ट्रबल म्हणत होती. मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा तिने हात मागे घेतला. डोनलने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. मी मनात म्हणालो, ठीक आहे, हे तर ठरलेलंच होतं. एकाला द्यायचं आणि बाकीच्यांनी शांत राहायचं. मी गिळून टाकलं असतं. खरंच सांगतो, आयुष्यभर गिळून टाकलं असतं. तुझ्यासाठी तेवढं मी केलं असतं.

पण शांतता कुठे होती? तेराव्यानंतर मी सामान पोचवायला तुमच्या घरी गेलो. रेवती ओट्याशी उभी होती आणि काकू, म्हणजे तुझी आई, खुर्चीवर बसून तेच तेच बोलत होत्या. आवाज चढलेला नाही, भांडणाचा सूर नाही, नुसतं दळण. "माझं पोरगं वाळून रायलं होतं. मी चार दिसांची पाहुणी. तू तं त्याच्याजवळ झोपत होती ना व बाई. तुले दिसलं नाही?" रेवतीने फडकं धुतलं, पिळलं, परत धुतलं. मला कळलं की हे रोज चालू आहे, आणि काकू तिकडे नागपूरला गेल्या तरी फोनवर चालू राहणार आहे, आणि रेवतीने ते मनात मान्यही केलंय. तिला दिसायला हवं होतं, असं तिला वाटायला लागलं होतं. माझ्यावर राग धरून ती जगली असती. स्वतःवर धरून नाही जगणार.

म्हणून मी सांगितलं, हर्षल. पिशव्या खाली ठेवल्या आणि उभ्यानेच सांगितलं. त्याने लपवलं. ठरवून, तारखा लावून लपवलं. रेवतीला दिसू नये म्हणूनच सगळं केलं, तिला कसं दिसेल? डॉक्टर औषध देत होत्या, त्याने नाही म्हटलं, तेही ह्याचसाठी.

काकूंनी विचारलं, "कायच्यासाठी?"

मी थांबू शकलो असतो. थांबलो नाही. "तुमची ट्रिप खराब होऊ नये म्हणून, काकू. तिचा किलार्नीचा दिवस खराब होऊ नये म्हणून. लग्नाचा वाढदिवस होता. पाडवा होता."

त्यांनी पदर तोंडात धरला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मी तं येतच नव्हती ना बाबा. त्यानंच तिकीट धाडलं." त्या उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून जो आवाज आला तो तू ऐकायला हवा होतास. तुझ्या सगळ्या हिशेबात तो आवाज कुठे धरला नव्हता.

रेवतीने नळ बंद केला. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "औषध घेतलं असतं तर किती?"

"नक्की नाही सांगत कोणी."

"निखिल."

"बहुतेक वर्ष संपेपर्यंत, म्हणाल्या होत्या."

ती फडकं हातात धरून उभी राहिली. ओट्यावर तुझी पाण्याची बाटली अजून तशीच होती. रेवती मनात मोजत होती, हे तिच्या ओठांवरून कळत होतं.

"म्हणजे दिवाळीला तो असता."

"हो."

"आणि हे त्याला माहीत होतं."

"हो."

"तू का नाही बोललास मला?"

"तो नको म्हणाला म्हणून."

"तो नको म्हणाला म्हणून," ती म्हणाली. "माझंही सगळं असंच झालं ह्या घरात." मग ती बाहेरच्या खोलीत गेली, तुझ्या फोटोवरचा हार काढून बाजूला ठेवला, फोटो उचलला आणि काकूंच्या बंद दारावर टकटक केलं. "आई, हा तुमच्याजवळ ठेवा. मला सध्या ह्याचं तोंड बघायचं नाही." दार उघडलं, फोटो आत गेला, दार परत लागलं. रेवती तिथेच जमिनीवर बसली आणि तुला शिव्या द्यायला लागली. इतक्या घाण शिव्या तिला येतात हे मला माहीत नव्हतं. बहुतेक तुझ्याचकडून शिकली असेल. देता देता ती रडायला लागली, तू गेल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून, लहान मुलासारखी मोठ्याने. मी थोड्या अंतरावर बसलो. तिने मला जायला सांगितलं नाही.

त्रास वाटला गेला आणि आता तिघंही रडतोय, हर्षल, तू म्हणायचास तसेच. पण रेवती मात्र आता म्हणत नाही, की मला दिसायला हवं होतं.